टी कोरोनी बोरिआलिसवरचं सगळं छापील साहित्य कसं शोधायचं? एडीएस, सिम्बाद, अर्काइव्ह यांवर कितपत विसंबावं?

मंदप्रत_१० | प्रश्न

टी कोरोनी बोरिआलिस (यापुढे टी सीआरबी) या पुनरावर्ती नोव्हावर (पुन्हा पुन्हा उद्रेक होऊन उजळणाऱ्या ताऱ्यावर) आजवर छापून आलेल्या निरीक्षणांचा आढावा लिहायला घेतला आहे. १८६६ आणि १९४६ या दोन्ही उद्रेकांचे मूळ वृत्तांत, मधल्या शांत काळातली प्रकाशमापनं, वर्णपट, आणि अलीकडचे पेपर असं सगळं हवं आहे. अडचणी अशा:

एक, एडीएसमध्ये (खगोलशास्त्रातल्या पेपरांचा डेटाबेस) ऑब्जेक्ट शोध, म्हणजे ताऱ्याच्या नावाने शोध, दिला की निकालांचा ढीग येतो, पण १९५० च्या आधीचं त्यात फार थोडं दिसतं. त्या काळात काही छापलंच गेलं नाही असं तर होणार नाही.

दोन, नुसतं टी सीआरबी टाइप करून शोधलं तर भलत्याच ताऱ्यांचे पेपर येतात.

तीन, वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस ही सशुल्क ठिकाणं हाताशी नाहीत. त्यांच्यावाचून काही अडेल का? गूगल स्कॉलर त्यांची जागा घेईल का?

चार, एडीएसमधून उतरवलेली बिबटेक फाइल (संदर्भसूचीची) लावली की लेटेक (पेपर मांडणीचं सॉफ्टवेअर) 'अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स' म्हणून थांबतं.

---

गोषवारा | प्रतिसाद

(फील्डची नावं इथे देवनागरीत लिहितोय, शोधपेटीत ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.)

पहिल्या अडचणीचं कारण एडीएसमध्ये नाही, सिम्बादमध्ये (ताऱ्यांची नावं आणि त्यांच्यावरचे संदर्भ यांचा डेटाबेस) आहे. एडीएसच्या ऑब्जेक्ट फील्डमध्ये नाव दिलं की ते सिम्बाद आणि नेडकडे जातं, तिथून त्या वस्तूचा ओळखक्रमांक परत येतो आणि त्या क्रमांकाशी जोडलेले पेपर दाखवले जातात. जोडीला तुम्ही टाइप केलेलं नाव शीर्षकात, गोषवाऱ्यात आणि कीवर्डमध्ये शोधलं जातं, पण फक्त तेवढंच रूप. त्या ताऱ्याची बाकीची नावं मजकुरात शोधली जात नाहीत.

आता, पेपर कुठल्या ताऱ्याशी जोडायचा हे काम सिम्बाद चालवणाऱ्या स्ट्रासबूर्गच्या सीडीएस केंद्रातले लोक पेपर चाळून करतात. ताऱ्यांसाठी हे पद्धतशीर काम १९५० पासूनच्या नियतकालिकांचं झालेलं आहे. दीर्घिका वगैरे, म्हणजे सूर्यमालेबाहेरच्या बाकी सगळ्या वस्तूंसाठी १९८३ पासूनचं. सिम्बादच्या पानावर संदर्भांची मुदत १८५० पासून लिहिलेली दिसते, त्याला भुलू नका. ते शोधाचं सुरुवातीचं वर्ष आहे, तिथपासून सगळं चाळलंय अशी हमी नव्हे. तुमचे दोन्ही उद्रेक नेमके या रेषेच्या आधी पडतात, म्हणून ऑब्जेक्ट शोधात त्यांचे मूळ वृत्तांत सापडत नाहीत.

नेडचा इथे उपयोग नाही. ते आकाशगंगेबाहेरच्या वस्तूंसाठी आहे.

दुसरी अडचण अवतरणचिन्हांची. एडीएसमध्ये दोन शब्दांमध्ये 'आणि' गृहीत धरलेलं असतं. टी आणि सीआरबी सुटे टाकले तर तापमानाच्या टीपासून कुठलाही सुटा टी चालतो, आणि आर सीआरबी या पूर्णपणे वेगळ्या प्रकारच्या ताऱ्यांवर प्रचंड साहित्य असल्यामुळे तेच वर येतं. दुहेरी अवतरणात, ॲब्स फील्डमध्ये (शीर्षक, गोषवारा आणि कीवर्ड एकत्र), एकेक रूप 'ऑर'ने जोडून द्या: टी सीआरबी, टी कोरोनी बोरिआलिस, नोव्हा सीआरबी, एचडी १४३४५४. सिम्बादच्या पानावर 'आयडेंटिफायर्स' या मथळ्याखाली सगळ्या नावांची यादी असते. त्यातली पेपरात लोक खरोखर वापरतात ती चार-पाच घ्या. गाया किंवा २मास या आकाश-सर्वेक्षणांतल्या क्रमांकाने गोषवाऱ्यात शोधून काही हाती लागत नाही.

मग दोन्ही शोधांचे निकाल एडीएसमध्ये खातं उघडून दोन वेगळ्या लायब्ररींत ठेवा. लायब्ररींवर बेरीज, छेद आणि वजाबाकी करता येते. मजकूरशोधातून ऑब्जेक्टशोध वजा केला की सिम्बादकडून सुटलेले पेपर उरतात; उलट वजाबाकीत ज्यांच्या गोषवाऱ्यात ताऱ्याचं नावच नाही, पण तक्त्यात तो आहे, असे पेपर मिळतात. हे दुसरे बरेच असतात, आणि शांत काळातली प्रकाशमापनं बहुतेक तिथेच दडलेली असतात. सिम्बादच्या संदर्भयादीत तारा शीर्षकात आहे, गोषवाऱ्यात आहे की नुसता तक्त्यात, हे वेगळ्या रकान्यांत दाखवलेलं असतं. चाळायचा क्रम त्यावरून ठरवा.

---

रात्रपाळी | प्रतिसाद

एवढी खटपट कशाला? फुल फील्ड वापरा, म्हणजे सगळा मजकूर शोधला जातो. विषय संपला.

---

गोषवारा | प्रतिसाद

@रात्रपाळी, शेवटी तेही करायचंच, पण आधी नाही. फुल म्हणजे शीर्षक, गोषवारा, कीवर्ड, मुख्य मजकूर आणि आभार, सगळं. सहजीवी ताऱ्यांवरच्या (जोडताऱ्यांचा एक प्रकार) किंवा नोव्हांवरच्या जवळजवळ प्रत्येक पेपरच्या प्रस्तावनेत टी सीआरबीचा उल्लेख एका वाक्यापुरता असतोच. ते सगळे येतात. शिवाय मजकूर फक्त एडीएसला प्रकाशकाकडून किंवा अर्काइव्हवरून (प्रीप्रिंटचं, म्हणजे छपाईआधीच्या पेपरांचं खुलं संग्रहस्थळ) मिळाला असेल त्यांचाच शोधता येतो. स्कॅन केलेल्या जुन्या पानांचा मजकूर यंत्राने वाचलेला असतो, आणि 'टी सीआरबी'सारखं तुटक नाव हे अशा वाचनात सगळ्यात आधी बिघडतं.

फुल वापराच, पण वर्षांची मर्यादा घालून, आणि डेटाबेस फील्डमध्ये ॲस्ट्रॉनॉमी देऊन. डॉक्टाइपमधून (लेखाच्या प्रकाराचं फील्ड) दुर्बिणीच्या वेळेसाठीचे प्रस्ताव वगळा. नाहीतर हबलचे प्रस्तावसुद्धा पेपर म्हणून मोजले जातात.

---

जीर्णपान | प्रतिसाद

१९५० पूर्वीच्या भागाबद्दल. इथे डेटाबेस कसा वापरायचा यापेक्षा त्या काळी लोक मथळे कसे देत हे माहीत असणं जास्त कामाचं.

१८६६ सालच्या लेखांत 'टी सीआरबी' हे लेखन शोधून उपयोग नाही. तिथे 'नवा तारा', 'कोरोना बोरिआलिसमधला बदलता तारा', 'टी कोरोनी' असे मथळे आहेत. त्यातही आस्ट्रोनोमिशे नाखरिश्टेन (१८२१ पासून) मधले लेख जर्मनमध्ये, फ्रेंच अकादमीच्या काँत रांद्यूमधले फ्रेंचमध्ये. म्हणून शीर्षक फील्डमध्ये इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच तिन्ही भाषांतले 'नवा तारा' आणि 'नोव्हा' असे शब्द द्या आणि वर्ष १८६६ ते १८७० ठेवा. एवढ्या आखूड मुदतीत निकाल कमी येतात, एकेक मथळा डोळ्यांनी वाचता येतो. ॲब्स फील्डवर फार भिस्त ठेवू नका: त्या लेखांना गोषवारा नसतोच, त्यामुळे ॲब्समध्ये शोधणं म्हणजे प्रत्यक्षात शीर्षकच शोधणं.

मग लेखकावरून जा. मे १८६६ मध्ये हा तारा बर्मिंगहॅम यांनी आयर्लंडमधल्या टूअमहून पाहिला, आणि हगिन्स व मिलर यांनी त्याचा वर्णपट घेतला. ऑथर फील्डमध्ये आडनाव, स्वल्पविराम आणि पहिलं आद्याक्षर द्यायचं. आडनावाआधी ^ हे चिन्ह (अवतरणाच्या आत) लावलं तर ती व्यक्ती पहिली लेखक असलेलेच लेख येतात. हगिन्स या आडनावाच्या बाबतीत आद्याक्षर द्याच, विल्यम आणि मार्गारेट दोघांचेही लेख आहेत. एडीएस नावांची पर्यायी रूपं आपणहून जोडतं; ते नको असेल तर फील्डच्या नावाआधी = लावायचं.

मूळ पानं कुठे? एमएनआरएएस (१८२७ पासून), ॲस्ट्रॉनॉमिकल जर्नल (१८४९), ॲस्ट्रोफिजिकल जर्नल (१८९५), पीएएसपी, आस्ट्रोनोमिशे नाखरिश्टेन यांचे जुने खंड एडीएसनेच स्कॅन केलेले आहेत आणि फुकट आहेत. हार्वर्ड वेधशाळेची सर्क्युलर आणि बुलेटिनंही. रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जसाठी एडीएसमधली नोंद प्रकाशकाकडे पाठवते, पण सोसायटीचं ७० वर्षांहून जुनं सगळं तिच्या स्थळावर खुलं आहे. काँत रांद्यू गालिकावर मिळतात, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अंकीय संग्रहात.

एक सापळा: 'रेफरीड' (तज्ज्ञांनी तपासलेलेच लेख) हा गाळणा जुन्या साहित्याला लावू नका. सर्क्युलर, टेलिग्राम आणि घोषणापत्रं त्यात गळून जातात, आणि उद्रेकाच्या पहिल्या दिवसांची मोजमापं नेमकी तिथेच असतात.

आता डेटाबेसच्या बाहेरचं. बदलत्या ताऱ्यांसाठी म्युलर आणि हार्टविग यांनी १९१८ ते १९२२ दरम्यान तीन खंडांत 'गेशिश्टे उंड लितेरातूर देस लिश्टवेक्सेल्स' काढलं. एकेका ताऱ्याखाली तोवरचं सगळं साहित्य, खंड-पानासकट. १८६६ च्या उद्रेकासाठी यासारखं दुसरं साधन नाही. पुढच्या काळासाठी आस्ट्रोनोमिशर यारेसबेरिश्ट हे वार्षिक आहे. ते १८९९ ते १९६८ पर्यंतच्या साहित्याची विषयवार नोंद देतं. १९४६ साठी त्या वर्षाचे आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचे खंड, नोव्हांचा विभाग, बस. युद्धाच्या आसपासचे खंड उशिराने भरून काढलेले आहेत, म्हणून एकाच वर्षावर थांबू नका. तिथे सापडलेला खंड-पान क्रमांक एडीएसच्या पेपर फॉर्ममध्ये (नियतकालिक, वर्ष, खंड, पान) टाकला की थेट स्कॅन उघडतो.

---

मंदप्रत_१० | प्रश्नकर्ता

यारेसबेरिश्टबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. आणखी दोन शंका. सापडलेल्या एखाद्या महत्त्वाच्या पेपरवरून मागे-पुढे कसं जायचं? आणि एडीएसमध्ये प्रत्येक पेपरला असतो त्या लांबलचक बिबकोडचा (ओळखसंकेताचा) अर्थ काय लावायचा?

---

कृत्तिका_सात | प्रतिसाद

बिबकोड आधी, तो कळला की बाकी सोपं. नेहमी १९ अक्षरं: ४ वर्षाची, ५ नियतकालिकाची, ४ खंडाची, १ विशेष खूण (लेटर असेल तर एल वगैरे), ४ पानाची आणि शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर. रिकाम्या जागी टिंबं. रीस आणि सहकाऱ्यांचा विश्वाच्या त्वरणशील प्रसरणावरचा पेपर '१९९८एजे....११६.१००९आर' असा दिसतो; चार टिंबांतली तीन नियतकालिकाच्या नावाची, एक खंडाचं. हाताने टाइप करताना टिंबं चुकतात, म्हणून कॉपीच करा.

छापील संदर्भावरून बिबकोड स्वतः रचता येतो आणि जुन्या लेखांसाठी ते खूप सोयीचं पडतं.

मागे-पुढे जायला दोन क्रिया आहेत आणि त्यांची दिशा लोक हमखास उलटी धरतात. 'रेफरन्सेस' कंसात पेपर घेते आणि त्या पेपरने ज्यांचा आधार घेतला ते देते. 'सायटेशन्स' कंसात पेपर घेते आणि त्याचा आधार पुढे ज्यांनी घेतला ते देते. कंसात एकच बिबकोड नव्हे, अख्खा शोधही चालतो. म्हणजे टी सीआरबीचा सगळा मजकूरशोध 'रेफरन्सेस'मध्ये घातला की त्या पेपरांच्या संदर्भसूचींतलं सगळं एकत्र येतं. त्याला १९५० पर्यंतची वर्षमर्यादा लावा आणि जुन्या साहित्याची आयती यादी मिळवा. माझ्या मते या धाग्यातल्या प्रश्नासाठी सगळ्यात फायद्याचा शोध हाच आहे, कारण इथे नावाच्या रूपांची कटकट नाही. पुढच्या लेखकांनी तो पेपर ओळखून ठेवलेलाच असतो.

शेजारच्या तीन क्रियाही पाहून ठेवा. 'युजफुल' विषयाच्या पेपरांनी वारंवार उद्धृत केलेले पेपर देते, 'रिव्ह्यूज' त्या पेपरांना भरभरून उद्धृत करणारे (म्हणजे बहुधा आढावे) देते, 'ट्रेंडिंग' त्याच विषयाचे वाचक सध्या आणखी काय वाचतायत ते देते. तिसरीचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

आकड्यांबाबत सावध. एकोणिसाव्या शतकातल्या लेखांत संदर्भ मजकुरातच किंवा तळटिपांत असायचे, ते यंत्राला नीट वेचता येत नाहीत. त्यामुळे जुन्या लेखाची उद्धरणसंख्या शून्य दिसली म्हणजे कुणी वाचला नाही असं नव्हे. भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांतली उद्धरणंही एडीएसमध्ये खगोलशास्त्राइतकी भरलेली नाहीत. तिकडचा विषय असेल तर इन्स्पायर (उच्च-ऊर्जा भौतिकीचा डेटाबेस) पाहा, पण टी सीआरबीला गरज नाही.

तिसऱ्या अडचणीचं उत्तर यातच आलं. खगोलशास्त्रापुरतं वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपसवाचून काही अडत नाही. गूगल स्कॉलर प्रबंध आणि संस्थांचे अहवाल शोधायला चांगलं, पण एकच पेपर प्रीप्रिंट आणि छापील अशा दोन नोंदींत येतो, निकाल नेमक्या कुठल्या नियमाने लागले ते कळत नाही, आणि तोच शोध पुन्हा करून तीच यादी मिळेल याची खात्री नाही. आढाव्यात 'शोध असा केला' हे लिहायचं असेल तर शेवटचा मुद्दा जड जातो.

पूर्ण पेपर मिळण्याबाबत: अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची नियतकालिकं २०२२ पासून आणि एमएनआरएएस २०२४ पासून खुली आहेत. त्याआधीच्या काळासाठी अर्काइव्ह. खगोलभौतिकीचा विभाग तिथे १९९२ पासून आहे, २००९ मध्ये त्याचे सहा उपविभाग झाले. तुमचं बहुतेक सौर व तारकीय उपविभागात असेल, काही उच्च-ऊर्जा विभागात. प्रीप्रिंटमधला आकडा उचलण्याआधी आवृत्ती पाहा. पहिल्या आवृत्तीतलं कोष्टक रेफरीच्या शेऱ्यांनंतर बदललेलं असू शकतं.

---

कंसबंद | प्रतिसाद

चौथी अडचण. एडीएसची बिबटेक नोंद नियतकालिकाचं नाव पूर्ण लिहीत नाही, बॅकस्लॅश लावून एपीजे, एमएनआरएएस, ए-ए-पी अशी मॅक्रो देते. नियतकालिकांच्या स्वतःच्या लेटेक क्लासमध्ये ही मॅक्रो ठरवलेली असतात. साध्या आर्टिकल क्लासमध्ये नसतात, म्हणून लेटेक अडतं. उपाय दोन. एएएस मॅक्रोंची स्टाइल फाइल (एडीएसच्या मदतपानावर मिळते) प्रिॲम्बलमध्ये (फाइलच्या सुरुवातीला, मजकुराच्या आधी) लावा. किंवा एडीएसच्या सेटिंग्जमध्ये एक्सपोर्टखाली नियतकालिकाचं नाव संक्षिप्त किंवा पूर्ण असं निवडा आणि फाइल पुन्हा उतरवा. पेपर नियतकालिकाला पाठवायचा असेल तर पहिला उपाय, एरवी दुसरा.

त्याच सेटिंग्जमध्ये सायटेशन 'की' (मजकुरातून नोंदीकडे बोट दाखवणारं नाव) कशी असावी तेही ठरवता येतं, आणि ते आधीच ठरवा. आपोआप मिळणारी की म्हणजे बिबकोड. प्रीप्रिंट छापून आला की एडीएस दोन्ही नोंदी एकत्र करतं आणि बिबकोड बदलतो. जुना बिबकोड शोधात चालत राहतो, पण पुन्हा उतरवलेल्या फाइलमधली की नवी असते. मग मजकुरातल्या जुन्या साइट आज्ञांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, किंवा जुनी-नवी फाइल जोडली असेल तर एकच पेपर संदर्भसूचीत दोनदा येतो. आडनाव आणि वर्ष अशी की ठेवली तर नियतकालिकाचा बदल तिला लागत नाही. वर्ष मात्र बदलू शकतं, डिसेंबरचा प्रीप्रिंट जानेवारीत छापला गेला की झालंच. आणि एकाच लेखकाचे त्याच वर्षातले दोन पेपर असतील तर दोन्हींची की सारखी तर झाली नाही ना, हे तपासा.

---

रात्रपाळी | प्रतिसाद

फुलबद्दल पटलं. सिम्बाद आणि एडीएसची तुलना हाताने करण्याऐवजी स्क्रिप्टने, त्यांच्या एपीआयला (प्रोग्रॅमने विचारायची सोय) विनंत्या पाठवून करता येईल, ते लिहितो.

एडीएस: खात्याच्या सेटिंग्जमधून टोकन घ्या, ते ऑथरायझेशन हेडरमध्ये 'बेअरर' या शब्दानंतर द्यायचं. शोधाची मर्यादा दिवसाला ५००० विनंत्या. एका विनंतीत काही सांगितलं नाही तर १० निकाल येतात, जास्तीत जास्त २००० मागता येतात; त्यापुढचे हवे असतील तर 'स्टार्ट'चा आकडा वाढवत जायचं. कोणते रकाने हवेत (बिबकोड, शीर्षक, वर्ष, डॉक्टाइप) ते यादी करून सांगावं लागतं, नाहीतर नुसता अंतर्गत क्रमांक परत येतो आणि लोकांना शोधच फसला असं वाटतं. ४०१ आलं तर टोकन चुकलं, ४२९ आलं तर दिवसाची मर्यादा संपली. ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्सच्या बिबकोडमध्ये & हे चिन्ह असतं; पत्त्यात ते तसंच गेलं तर सर्व्हर तिथून पुढचा भाग नवीन पॅरामीटर समजतो आणि निकाल शून्य येतो. ते %२६ असं सांकेतिक करून पाठवायचं. (इथे देवनागरी अंक आहेत, प्रत्यक्षात रोमन.) अवतरणचिन्हं आणि ^ यांचंही तसंच.

सिम्बाद: त्याच्या टॅप सेवेत (तक्त्यांना थेट प्रश्न विचारायची सोय) 'आयडेंट' तक्त्यात नावं, 'रेफ'मध्ये पेपर आणि 'हॅझ-रेफ'मध्ये दोघांची जोडणी आहे. नावावरून वस्तूचा क्रमांक, त्यावरून हॅझ-रेफ, तिथून रेफ, असं जोडलं की बिबकोडांची यादी मिळते. ती आणि एडीएसची यादी यांची वजाबाकी पायथनच्या सेटने करा. वजाबाकीआधी एडीएसकडून पर्यायी बिबकोडही मागवून घ्या. कुठे एखादी नोंद जुन्या बिबकोडाने राहिली असेल तर ती उगाच फरक म्हणून दिसते.

अर्काइव्हवर स्क्रिप्ट चालवलीत तर दोन विनंत्यांत ३ सेकंद अंतर ठेवा, तो त्यांचा नियम आहे.

आणि तारा कधीही भडकू शकतो, त्यामुळे मायएडीएसमध्ये हाच मजकूरशोध साठवून ईमेल सूचना लावून ठेवा. अर्काइव्हसाठी रोजची, बाकीसाठी आठवड्याची. ॲस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम आणि जीसीएन सर्क्युलर या झटपट सूचनाही एडीएसमध्ये येतात, पण त्यांना रेफरी नसतो, म्हणून सूचनेच्या शोधाला तो गाळणा लावू नका.

---

जीर्णपान | प्रतिसाद

एक राहिलं. यारेसबेरिश्टनंतर १९६९ ते २००० साठी ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स ॲबस्ट्रॅक्ट्स आहेत. त्या काळासाठी एडीएस आणि सिम्बाद पुरेसे आहेत, पण छोट्या वेधशाळांची प्रकाशनं आणि रशियन नियतकालिकं तपासायला ते खंड एकदा चाळावेत. रशियन लेखकांची नावं रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. तेवढ्यापुरतं ऑथर फील्डमध्ये पहिली काही अक्षरं आणि पुढे * देऊन शोधा.

---

मंदप्रत_१० | प्रश्नकर्ता

आधी 'रेफरन्सेस'वाला शोध १९५० च्या मर्यादेने लावतो, मग यारेसबेरिश्टशी ताडून पाहतो. जुन्या नोंदीत एखादा संदर्भ एडीएसमध्ये गाळलेला दिसला तर तो कळवायची सोय आहे का?

---

कृत्तिका_सात | प्रतिसाद

आहे. फीडबॅक मेनूत 'मिसिंग रेफरन्सेस'चा फॉर्म आहे. उद्धृत करणाऱ्या आणि उद्धृत झालेल्या, दोन्ही पेपरांचे बिबकोड द्यायचे. अख्खा लेखच नसेल तर 'मिसिंग ऑर इनकरेक्ट रेकॉर्ड'चा वेगळा फॉर्म, त्यात नियतकालिक, खंड, पान, वर्ष, लेखक आणि मथळा मूळ भाषेत.